कपाळावरचा कॅमेरा आणि दाजींचा कटला

माणसाच्या पराक्रमाला साक्षीदार लागतो. एकांतात घडलेलं शौर्य आणि न घडलेलं शौर्य यांतला फरक इतिहासाला कळत नाही. म्हणून तर राजांनी पदरी भाट बाळगले, शिलालेख खोदवले, ताम्रपट घडवले. आमच्या गटात हे काम काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी एक काळी डबी करते. ती रबरी पट्ट्यानं कपाळाला बांधायची असते, आणि बांधलेला माणूस मुंडावळ्या लावून बोहल्यावर निघाल्यासारखा दिसतो.

आमचा गट म्हणजे रविवारी सकाळी घरातून कोल्हापूरच्या बाहेर पळणारी पाच मोठी माणसं. उद्देश मासे धरणं, असा सांगितला जातो. गटात दाजी आहेत, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी त्यांना दाजी म्हणतो म्हणून सगळा गटच दाजी म्हणतो, आणि अशा रीतीनं ताई ही गटातल्या सगळ्यांची बहीण होऊन बसली आहे. एक कारखानदार आहेत, त्यांची शिरोलीला फाउंड्री. मुरगूडकडचे एक मास्तर आहेत. शाळेत पोरांना कवायत शिकवून निवृत्त झाले, पण शिट्टी अजून गळ्यात असल्यासारखं बोलतात. इचलकरंजीचा एक मागवाला आहे. आठवडाभर यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यावर नदीकाठची शांतता त्याला इतकी मानवते की गळ पाण्यात टाकला की तो झोपतो. पाचवा मी.

आमची जागा ठरलेली. मुरगूडच्या अलीकडे वेदगंगेवर एक बंधारा आहे. पावसाळा सरला की त्याला बरगे, म्हणजे लोखंडी फळ्या, घालतात, पाणी तटतं, आणि वरच्या अंगाला एक मोठा डोह तयार होतो. नदी मास्तरांच्या गावची, त्यामुळं डोहही आपलाच आहे असं मास्तर धरून चालतात. कुणाला मासा लागला की ते यजमानासारखे मान हलवतात.

गटाचा एकच नियम होता, आणि तो कुणी कधी बोलून ठरवला नव्हता. ज्याच्या गळाला जे लागेल ते एकाच घमेल्यात पडायचं. परतायच्या आधी तिथंच मासे साफ करून केळीच्या पानांवर सारखे वाटे घालायचे. मग एकानं पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्यानं एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" पाठमोऱ्या माणसानं तोंडाला येईल ते नाव घ्यायचं. पाठमोरं उभं राहण्याचं काम बहुतेक माझ्याकडं असे, कारण माझ्या हातून याहून अवघड काही नीट होत नाही याबद्दल गटात एकमत आहे.

ही पद्धत मला नेहमीच थोर वाटत आली आहे. तिच्यात मासा नदीचा असतो, माणसाचा नसतो. घरी नेताना प्रत्येकाच्या पिशवीत सारखंच असतं, आणि कुणाचा गळ रिकामा आला हे विचारायची सोयच राहत नाही.

या सोयीचा सगळ्यात जास्त लाभ दाजींना होत होता. दाजींच्या गळाला मासा लागत नाही. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्यांनी बाभळीच्या फांद्या धरल्या, शेवाळ धरलं, एकदा मागवाल्याची चप्पल धरली. आमिष तेच, शेंगपेंडीचा गोळा. काठी उलट आमच्याहून भारी. तरीही मासे त्यांच्या गळाला वळसा घालून शेजारच्या गळाकडं जात. आमच्यात कुणी कधी यावर बोललं नाही. मास्तर, जे माणसाच्या पोटापासून त्याच्या सोयरिकीपर्यंत कशावरही तोंड टाकतात, तेसुद्धा या एका बाबतीत गप्प असत.

घरी मात्र गोष्ट वेगळी होती. ताई आमच्या गल्लीत मासेवाली बाई म्हणूनच ओळखली जायची. रविवारी रात्री तिचं कालवण शेजारी चार घरांत वाटीवाटीनं जायचं आणि प्रत्येक वाटीबरोबर एक वाक्य जायचं, "आमच्या ह्यांनी धरल्यात. लई हात हाय त्यांचा." दाजी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत असत. ते कधी हो म्हणाले नाहीत आणि कधी नाहीही म्हणाले नाहीत.

मग कारखानदारांनी कॅमेरा आणला.

त्यांच्या परदेशातल्या भाच्यानं तो पाठवला होता. पाण्यात पडला तरी चालतो, आपटला तरी फुटत नाही, कपाळाला बांधला की आपण जे बघतो तेच तो बघतो, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. "म्हणजे तुमच्यागत चष्मा लागणार त्याला," मास्तर म्हणाले. पण कौतुक त्यांनाही होतं. पहिल्या रविवारी कारखानदारांनी डोहाकडं पाठ करून, आवाज बदलून, "नमस्कार मित्रांनो" असं म्हणत बरंच लांबलचक भाषण केलं. मित्र तिथं चारच होते, त्यातला एक झोपला होता. दुसऱ्या रविवारी काठीला लावायचा आणखी एक कॅमेरा आला. नदी तीच, मासे तेच, फक्त आता आम्ही सगळे थोडं पोट आत घेऊन उभे राहू लागलो.

चित्रण बघायचं कुठं, हा प्रश्न आला. गटात सगळ्यात मोठा टीव्ही दाजींकडं. म्हणून रविवारी संध्याकाळी आम्ही आंघोळी करून त्यांच्या हॉलमध्ये जमू लागलो. ताई चहा करी, जयसिंगपूरचा भडंग ठेवी, आणि आपल्या माणसाचा पराक्रम बघायला शेजारणींनाही बोलावून घेई.

पडद्यावर बराच वेळ पाणी दिसे. मग कारखानदारांचा मासा दिसे. मग मास्तरांचा. मागवाला झोपेतून उठून सवयीनं एक मरळ ओढून काढे आणि पुन्हा आडवा होई. चौकटीच्या कडेला, पाठमोरे, वाकलेले दाजी दिसत.

"अवो, हे काय करालायसा?" ताईनं पहिल्या रविवारी विचारलं.

"गळ सोडवालोय."

"कशातनं?"

"बाभळीतनं."

दुसऱ्या रविवारी तिनं पुन्हा विचारलं. उत्तर तेच होतं, झाड फक्त बदललं होतं. तिसऱ्या रविवारी तिनं विचारलं नाही, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. शेजारच्या काकूंनी भडंग चावत निरागसपणे म्हटलं, "दाजींचं धरलेलं कवा येतंय पुढं?" कुणी हसलं नाही. मास्तरांनाच राहवलं नाही. ते म्हणाले, "दाजी मासं धरत न्हाईत काकू, झाडं लावत्यात. वनखात्याचं काम हाय त्यांच्याकडं." हॉल हसला. इतकी वर्षं नदीकाठी पाळलेलं मौन टीव्हीसमोर एका दमात मोडलं.

त्या रात्री ताईनं कालवण केलं, पण वाट्या शेजारी गेल्या नाहीत. मला ती स्वयंपाकघरात म्हणाली, "तुला ठावं हुतं?" मी म्हणालो, "वाटा सारखाच असतो की ताई." ती म्हणाली, "वाट्याचं न्हाय विचारलं मी."

पुढच्या रविवारी दाजी आले नाहीत. दुकानात माल उतरवायचा आहे, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारीही माल उतरत होता. रविवारी कोल्हापुरात कुणी माल पाठवत नाही हे आम्हालाही माहीत होतं. ताईकडून कळलं की त्यांनी काठ्या पुसून, रिळांना तेल लावून, गादीच्या कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. तिचा आवाज खाली आला होता एवढंच. जो माणूस आठवड्यातून एक दिवस नदीकाठी बसतो म्हणून उरलेले सहा दिवस गिऱ्हाइकांशी सरळ बोलतो, तो आता तो एक दिवस सोडणार होता. आणि तेही त्याला मासा मिळत नाही म्हणून नव्हे. मासा मिळत नाही हे दिसलं म्हणून.

कारखानदारांना वाईट वाटलं असावं. ते एके संध्याकाळी मला घेऊन दाजींच्या दुकानात गेले आणि काउंटरवर काठीवरचा तो दुसरा कॅमेरा कपाळाच्या पट्ट्यासकट ठेवला.

"दाजी, ह्यो तुम्ही बांधायचा. आमच्या कॅमेऱ्यात तुम्ही कडंला येताय म्हणून घोळ हुतोय. तुमचा मासा तुमच्याच कपाळावर येऊ द्या."

"आणि न्हाय आला तर?"

"तर झाडं तरी जवळनं दिसतील."

दाजींनी ती डबी उचलून, ब्रेक लायनर ठेवतात त्या खणात ठेवली. रविवारी सकाळी गाडी त्यांच्या दारात थांबली तेव्हा ते काठ्यांसकट पायरीवर उभे होते. टोपी काढली होती आणि कपाळाला पट्टा बांधला होता. ताई दारातून म्हणाली, "लग्नात बी एवढं घट्ट बांधलं नव्हतं ह्यांनी." पण तिनं गाडी वळेपर्यंत दार लावलं नाही.

आमचा आणखी एक नियम इथं सांगायला हवा. नदीवर फोन न्यायचे नाहीत. ते गाडीच्या खणात बंद करून ठेवायचे, कारण पूर्वी एकदा मागवाल्याच्या कामगारानं फोन करकरून डोह उठवला होता. कॅमेरा वाजत नाही म्हणून त्याला परवानगी होती.

त्या दिवशी ऊन चांगलं होतं. कारखानदारांनी उगवतीपासून चित्रण सुरू केलं. आधी सूर्य, मग दवबिंदू, मग स्वतः. "नमस्कार मित्रांनो" एवढ्या वेळा झालं की मासे धरायची वेळ आली तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली होती. दाजींनी मात्र आपला कॅमेरा बसल्यावरच सुरू केला. समोरचा लाल ठिपका पेटला आहे ना, हे ते मला सारखं विचारत. मी हो म्हणत होतो.

गळ टाकून आम्ही बसलो. मागवाला झोपला. मास्तर घडीच्या खुर्चीत बसून मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "त्या डबीलाच गळ बांधा म्हणावं. ती तरी काय तरी धरंल." दाजींनी ऐकलं. त्यांनी कपाळावरचा पट्टा नीट केला.

आणि मग त्यांचं रीळ किर्रर्र करून ओरडलं.

बाभूळ रीळ ओढत नाही. हे आम्हाला सगळ्यांना एकदमच उमगलं. काठी अशी वाकली की तिचं टोक पाण्यात गेलं. दाजी उठून उभे राहिले आणि त्यांनी जी आरोळी मारली ती बंधाऱ्यापलीकडच्या उसात काम करणाऱ्या माणसांनी ऐकली. "आलाय की! आलाय!"

दाजी ऐन उमेदीत तालमीत जात होते. मैदान मारलेला पैलवान काय करतो हे इकडं कुणाला सांगावं लागत नाही. तो पडलेल्याकडं बघत नाही. हात वर करून फडाला चक्कर मारतो आणि लोकांकडं बघतो. दाजींनी अजून मैदान मारलं नव्हतं, पण अंगातली सवय आधी जागी झाली. हातांनी ते मासा ओढत होते आणि मान आमच्याकडं होती. "बघालाय न्हवं? मास्तर, बघालाय न्हवं?"

आम्ही बघत होतो. मास्तर खुर्चीतून उठले आणि बूट-मोज्यांसकट पाण्यात गेले. कारखानदार गाडीची चावी खिशात घेऊनच कमरेइतके उतरले. मागवाला जागा झाला. मी हातजाळी घेऊन धावलो आणि ती उलटी धरली आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मासा एकदा वर आला, रुंद पाठ दाखवून खाली गेला, पुन्हा आला. तो कटला होता, गोड्या पाण्यातला मोठा मासा. त्याचं तोंड एवढं थोरलं की पाण्याबाहेर आल्यावर त्यानं आमच्यापैकी कुणाला तरी नावानं हाक मारली असती तरी मला नवल वाटलं नसतं. शेवटी जाळीचा काही उपयोग झाला नाही. मास्तरांनी आणि कारखानदारांनी त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन, नवरदेवाला उचलावं तसा काठावर आणला.

काठावर सगळे हसत होते, ओरडत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मास्तरांनी दाजींना मिठी मारली, म्हणजे तिघांनी मिळून मारली, कारण मध्ये मासा होता.

"गाडीतनं फोन आणू काय? फोटू काढू," मास्तर म्हणाले.

"कशाला?" दाजी म्हणाले. "कपाळाला काय खोबरं बांधलंय काय मी? सगळं आलंय ह्यात."

मासा त्यांचा होता. तो अख्खा घेऊन ते घरी गेले असते तर कुणी चकार शब्द काढला नसता; आम्ही तसं सुचवलंही. त्यांनी मान हलवली. "पद्धत हाय ती हाय." त्यांनी स्वतः बसून मासा कापला, पानांवर वाटे घातले, मला पाठ करायला लावली. डोकं मास्तरांच्या नावावर गेलं. दाजींच्या वाट्याला शेपूट आली. त्यांनी ती पिशवीत अशी जपून ठेवली, जणू तिला अजून बाकीचा मासा लागून आहे.

संध्याकाळी हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. वाटेत दाजींनी दोन-चार ठिकाणी गाडी थांबवून आमंत्रणं दिली होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीशेजारी उभे राहिले. ताई स्वयंपाकघराच्या दारात, हात पदराला पुसत. ओट्यावर शेपूट होती, आणि शेपटीवरून माशाचा अंदाज बांधायला गल्ली तयार नव्हती. काकू तसं म्हणाल्याही, "शेपूट काय, कशाची बी असती."

पडद्यावर पाणी आलं. शांत, हिरवं. मग रीळ ओरडलं, दाजींची आरोळी झाली, आणि चित्र गर्रकन फिरलं.

पडद्यावर मास्तर होते.

मग पाणी आलं, पण नुसतं ऊन चमकलेलं, पांढरं. मग पुन्हा मास्तर. मग कारखानदार. मग मी, जाळी उलटी धरून. मग मास्तर, आता गुडघाभर पाण्यात. "बघालाय न्हवं?" असा दाजींचा आवाज येत होता आणि त्या आवाजाबरोबर कॅमेरा इमानानं आमच्याकडं बघत होता. मासा काठावर आला तेव्हा पडद्यावर मागवाला होता, एक चप्पल घातलेला. मग मिठीत मास्तरांचा सदरा आला, डबीचं बटण दाबलं गेलं असावं, आणि चित्रण तिथंच संपलं. त्यात मासा नव्हता. एका ठिकाणी पाण्याखाली एक काळी सावली होती, पण तशी सावली नदीत केव्हाही असते.

दाजींनी हळूच कपाळ चाचपलं, पट्टा अजून तिथं असल्यासारखं. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "मी सांगतो की. मासा हुता. मी उचललाय." पण ज्यांनी भर हॉलमध्ये वनखात्याचा विनोद केला त्यांच्या साक्षीला आता दयेचा वास येत होता, आणि ते त्यांनाही कळलं.

"परत लावा," ताई म्हणाली.

ती दारातून पुढं आली आणि टीव्हीसमोर जमिनीवर बसली. पुन्हा आरोळी, पुन्हा मास्तर. "थांबवा हितं." चित्र थांबलं. मास्तरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, तोंड उघडं, आतली कवळीसुद्धा दिसत होती. "आता सोडा. आवाज वाढवा." मास्तरांचा आवाज हॉलभर झाला, "आयला! दाजीचाच हाय की रं! बापरं, बापरं! किती हाय ह्यो!"

"आता ह्या सगळ्यांचं डोळं बघा," ताई म्हणाली.

आम्ही बघितले. पडद्यावर आम्ही चौघे होतो, आणि चौघांचे डोळे एकदम खाली गेले, एकदम डावीकडून उजवीकडं सरकले, एकदम वर आले आणि विस्फारले. आमच्यात आयुष्यात कधी कुठल्या गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. इथं डोळ्यांचं झालं होतं. माझ्या डोळ्यांत तर चक्क भीती होती.

ताई काकूंकडं वळली. "ही माणसं खोटं बोलत्यात. माझा भाऊ बी बोलतोय. पर सगळ्यांनी मिळून खोटं दचकायला ह्यास्नी कुठलं जमतंय? मासा लई मोठा हुता." मग दाजींकडं न बघता, नेहमीच्या आवाजात, "शेपूट तळू का कालवण करू?"

हॉल उसळला. कुणीतरी शिट्टी मारली. मला वाटतं मास्तरांनीच, कवायतीची. काकूंनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. प्रत्येक वेळी मास्तरांची कवळी दिसली की हशा व्हायचा आणि प्रत्येक वेळी दाजी थोडे उंच होत होते. शेपटीचं कालवण झालं. ते एका घराला पुरलं नसतं, पण वाट्या चारही घरांत गेल्या, नुसत्या रश्शाच्या. बरोबर वाक्यही गेलं.

गटानं तोवर तासन्‌तास चित्रण केलं होतं आणि ते कुणी धड बघितलं नव्हतं. हा तुकडा मात्र फोनाफोनांतून जयसिंगपूरपर्यंत गेला. आता दाजी रस्त्यानं निघाले की लोक थांबवून म्हणतात, "पावणं, मास्तरांचं ते तोंड दाखवा की." दाजी दाखवतात. दर रविवारी ते पायरीवर सगळ्यांच्या आधी उभे असतात. त्यानंतर त्यांच्या गळाला पुन्हा काही लागलेलं नाही, आणि हे आता मास्तर सगळ्यांदेखत सांगतात, दाजीही हसतात.

गल्लीतल्या मंडळानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं आणि कोपऱ्यावर दोन मजली उंचीचा डिजिटल फलक लावला. वर "वेदगंगेचा वाघ, मत्स्यसम्राट" असं लिहिलं आहे, खाली शुभेच्छुकांचे फोटो आहेत, त्यांत मास्तर पहिले. मधोमध फेटा बांधलेले दाजी आहेत आणि त्यांच्या दोन्ही हातांवर मासा आहे. कटल्याचा फोटो कुणाकडंच नव्हता, म्हणून फलक करणाऱ्यानं संगणकातला एक मासा उचलून त्यांच्या हातांत ठेवला. तो सुरमई आहे.